लेखणीचे व्रत : पंडित माधवराव सप्रे

प्रास्ताविक

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा हे गाव लागते. आज ते लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. कारखान्यांच्या अशा वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे एकत्र काम करतात. त्यांची घरातील भाषा एक असते आणि कामाच्या ठिकाणची दुसरी. दोन भाषांत जगण्याचा हा अनुभव छत्तीसगडला नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी याच प्रदेशात, घरी मराठी बोलणाऱ्या एका तरुणाने हिंदी मासिक काढले आणि लेखन हेच आपले जीवनकार्य मानले. त्या तरुणाचे नाव माधवराव सप्रे.

लेखक होणे म्हणजे काय? लिहिण्याचा आनंद कोणता आणि त्यासाठी द्यावी लागणारी किंमत कोणती? काळ बदलला की लेखकाचे जीवन कसे बदलते? माधवरावांच्या चरित्रातून या प्रश्नांचा विचार करता येतो. त्यांच्या आयुष्यात यश आहे, तसाच पराभवही आहे. तो पराभव न लपवता आपण त्यांचे चरित्र वाचणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• माधवराव सप्रे यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील;
• शंभर वर्षांपूर्वी नियतकालिक चालविणे किती कठीण होते, हे स्पष्ट करता येईल;
• अनुवादकाच्या कामाचे महत्त्व उदाहरणांसह सांगता येईल;
• त्या काळातील आणि आजच्या लेखकाच्या परिस्थितीची तुलना करता येईल.

बालपण आणि शिक्षण

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. हे गाव आज मध्य प्रदेशात आहे. त्या वेळी तो सर्व भाग मध्य प्रांतात मोडत असे आणि त्याची राजधानी नागपूर होती. वडिलांचे नाव कोंडोपंत आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. घराणे मराठी. छत्तीसगडवर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे रायपूर, बिलासपूर, रतनपूर या भागांत मराठी कुटुंबे पूर्वीपासून स्थायिक झालेली होती. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी अशी त्यांची रीत असे.

माधवराव लहान असतानाच सप्रे कुटुंब बिलासपूरला आले. त्यांचे प्राथमिक शिक्षण तेथे झाले. पुढील शिक्षणासाठी ते रायपूरच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या शाळेत नंदलाल दुबे नावाचे शिक्षक होते. त्यांच्यामुळे माधवरावांना हिंदी साहित्याची गोडी लागली. मातृभाषेवर प्रेम असतानाच दुसऱ्या भाषेवरही तितकेच प्रेम करता येते, याचा धडा त्यांना येथेच मिळाला असला पाहिजे. त्यानंतर जबलपूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी शिक्षण घेत, घरच्या अडचणींना तोंड देत त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली.

त्या काळी पदवीधर तरुण मोजकेच असत. पदवी हाती पडताच सरकारी नोकरी, निश्चित पगार आणि समाजात मान हा मार्ग मोकळा होत असे. माधवरावांनी मात्र तो मार्ग निवडला नाही. इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही, असे त्यांनी ठरविले. उदरनिर्वाहासाठी पेंड्रा येथील जमीनदार घराण्यातील राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांनी स्वीकारले आणि मिळणाऱ्या वेतनातून पैसे शिल्लक टाकण्यास सुरुवात केली. हे पैसे घर बांधण्यासाठी किंवा जमीन घेण्यासाठी नव्हते. त्यांना एक मासिक काढायचे होते.

पेंड्र्याहून निघालेले मासिक

पेंड्रा हे बिलासपूरच्या उत्तरेस डोंगराळ, वनाच्छादित भागात वसलेले लहानसे गाव. आज ते गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यात आहे. जानेवारी १९०० मध्ये या आडवळणाच्या ठिकाणाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू झाले. छत्तीसगडमधील नियतकालिकांचा आरंभ या मासिकापासून मानला जातो. संपादनाची जबाबदारी माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी घेतली, तर वामन बळीराम लाखे हे मासिकाचे चालक होते. तिघेही मराठी भाषक होते. तरीही मासिक हिंदीत काढायचे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यांना समजेल त्या भाषेत लिहिले पाहिजे, हा त्यामागील साधा विचार होता.

मासिक काढणे त्या वेळी किती जिकिरीचे होते, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. मजकूर हाताने लिहायचा, त्याची स्वच्छ प्रत करायची आणि ती टपालाने किंवा माणसाबरोबर छापखान्यात पाठवायची. छापखाना पेंड्र्याला नव्हता. प्रारंभी अंक रायपूरला छापला जाई आणि पुढे तो नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापला जाऊ लागला. छापखान्यात शिशाचा एकेक खिळा हाताने जुळवून ओळ तयार करावी लागे. त्यानंतर मुद्रिते तपासणे, चुका दुरुस्त करणे, कागदाचा आणि छपाईचा खर्च भागविणे, अंकांना वेष्टने लावून ते टपालात टाकणे आणि शेवटी वाचकांकडून वर्गणी येण्याची वाट पाहणे, अशी कामांची लांबलचक साखळी असे. यांतील एक कडी जरी निसटली, तरी अंक रखडत असे.

एवढे करून वाचणारे किती? त्या काळी साक्षरतेचे प्रमाणच अत्यल्प होते. ज्यांना वाचता येत असे, त्यांतही पैसे देऊन मासिक घेणारे थोडे. जाहिराती तर नगण्यच. अशा स्थितीत 'छत्तीसगढ मित्र'ने आपला दर्जा खाली येऊ दिला नाही. नव्या पुस्तकांची सविस्तर आणि निर्भीड परीक्षणे हे या मासिकाचे वैशिष्ट्य ठरले. लेखक कितीही नामवंत असला, तरी त्याच्या पुस्तकातील गुण आणि दोष दोन्ही दाखवायचे, अशी माधवरावांची पद्धत होती. हिंदीत साहित्यसमीक्षेचा पाया घालणाऱ्यांमध्ये म्हणूनच त्यांची गणना केली जाते.

परंतु केवळ गुणवत्तेवर मासिक चालत नाही. तोटा वाढत गेला. मालक धनाढ्य नव्हते आणि संपादकांचे खिसे रिकामे होते. तीन वर्षे नेटाने चालविल्यानंतर डिसेंबर १९०२ मध्ये 'छत्तीसगढ मित्र' बंद पडले. माधवरावांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा आघात होता. तरी त्या तीन वर्षांचे काम वाया गेले नाही. दूरच्या एका लहान गावातून निघालेल्या या मासिकाची दखल हिंदी साहित्यविश्वाने घेतली आणि माधवरावांचे नाव काशी-प्रयागपर्यंत पोहोचले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक परिभाषेचा कोश तयार करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम माधवरावांकडे सोपविण्यात आले.

टोपलीभर मातीची गोष्ट

'छत्तीसगढ मित्र'च्या १९०१ मधील एका अंकात माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली लघुकथा कोणती, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. तथापि हा मान याच कथेला द्यावा, असे मानणारे अभ्यासक अनेक आहेत.

कथा अगदी साधी आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढविण्यासाठी जमीनदार ती झोपडी बळकावतो आणि वृद्धेला बाहेर काढतो. तिला एकुलती एक नात असते. घर सुटल्यापासून त्या मुलीने अन्नपाणी सोडलेले असते. आपल्या झोपडीतील माती आणून तिची चूल मांडली, तर नात जेवेल, या आशेने म्हातारी टोपलीभर माती मागायला येते. माती भरून झाल्यावर टोपली उचलण्यास हात लावावा, अशी विनंती ती जमीनदाराला करते. जमीनदार पुढे होतो, पण ती टोपली काही त्याला जागची हलविता येत नाही. तेव्हा म्हातारी त्याला सुचविते, की एका टोपलीचे ओझे ज्याला उचलवत नाही, तो या झोपडीतील हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे वाहणार? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

या कथेत अवघड शब्द नाहीत, लांब वर्णने नाहीत. अन्याय करणाऱ्याच्या मनावर त्या अन्यायाचे ओझे राहतेच, एवढेच ती सांगते. ज्याच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही, त्याच्याजवळही शब्दांचे बळ असते, हा लेखकाचा विश्वास या कथेत दिसतो. थोड्याच वर्षांनी या विश्वासाची परीक्षा खुद्द लेखकालाच द्यावी लागली.

नागपूर : ग्रंथमाला आणि हिंदी केसरी

मासिक बंद पडल्यानंतर माधवराव नागपूरला आले. तेथे त्यांनी १९०६ मध्ये 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. चांगले, विचारप्रवर्तक ग्रंथ हिंदी वाचकांना क्रमाने मिळावेत, असा तिचा हेतू होता. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक प्रसिद्ध ग्रंथाचा महावीर प्रसाद द्विवेदी यांनी केलेला अनुवाद या मालेतून वाचकांसमोर आला. वंगभंगानंतर देशभर स्वदेशीची चळवळ पेटली होती. तिचा अर्थ समजावून सांगणारी स्वदेशी आणि बहिष्कार यांवरील पुस्तिका माधवरावांनी स्वतः लिहिली. पुढे सरकारने ती जप्त केली.

त्या वेळी लोकमान्य टिळकांचा पुण्याचा 'केसरी' महाराष्ट्रात घरोघरी वाचला जात होता. उत्तर भारतातील हिंदी वाचकाला मात्र त्यातील विचार वाचता येत नव्हते. टिळकांच्या संमतीने माधवरावांनी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. मराठी 'केसरी'तील लेख हिंदीत आणणे आणि राष्ट्रीय जागृतीचे स्वतंत्र लेख छापणे, असे त्याचे स्वरूप होते. मासिकापेक्षा साप्ताहिकाचा वेग अधिक आणि धोकाही अधिक. पूर्वी भीती होती ती तोट्याची. आता तुरुंगाची भीतीही तिच्यात मिळाली.

१९०८ हे वर्ष वृत्तपत्रांच्या दृष्टीने अत्यंत कठीण ठरले. एप्रिलअखेर मुजफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला आणि जून महिन्यात सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध कडक कायदा केला. जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला करण्यात आली. लगेच पुढच्या महिन्यात, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, माधवरावांना भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली अटक झाली. नागपूरच्या 'देशसेवक' पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच सुमारास पकडण्यात आले.

माफीनामा आणि त्यानंतरचे मौन

माधवरावांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रसंग येथे येतो. ते तुरुंगवास भोगण्यास तयार होते, पण घरची परिस्थिती बिकट होती. वडील बंधूंनी वडिलांप्रमाणे त्यांचा सांभाळ केला होता. भावाची अटक त्यांना सहन झाली नाही. माफी मागून सुटका करून घेतली नाही, तर आपण प्राणत्याग करू, असे त्यांनी माधवरावांना बजावले, असे चरित्रकार सांगतात. एका बाजूला आपण लिहिलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला पितृतुल्य बंधूंचा जीव, अशी ही निवड होती. माधवरावांनी माफीनाम्यावर सही केली आणि त्याच वर्षी ते तुरुंगातून सुटले.

सुटका झाली, पण मन मोकळे झाले नाही. कालपर्यंत आदराने पाहणारे लोक पाठ फिरवू लागले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांच्या अनुयायाने माफी मागावी, हे अनेकांना रुचले नाही. लोकांच्या टीकेपेक्षाही माधवरावांना स्वतःचा निर्णय अधिक टोचत होता. त्यांनी कोणाला दोष दिला नाही आणि स्वतःचे समर्थनही केले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले.

वर्ध्याच्या हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे नावाचे रामदासी सत्पुरुष राहत होते. माधवराव त्यांच्या आश्रयाला गेले. तेथे मधुकरी मागून आणि समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'चे पारायण करून त्यांनी काळ घालविला. पदवीधर संपादक दारोदार भिक्षा मागतो, हे दृश्य त्या काळच्या सुशिक्षितांना चमत्कारिक वाटले असेल. माधवरावांच्या दृष्टीने मात्र ते प्रायश्चित्त होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अपमानाने खचलेली माणसे पुष्कळदा आपले काम कायमचे सोडतात. माधवरावांनी लेखणी सोडली नाही, परंतु तिचे कार्य मात्र बदलले. यापुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा मोह दूर ठेवला. पुष्कळदा टोपणनावाने लेख लिहिले आणि आपले उत्तम श्रम दुसऱ्यांच्या ग्रंथांसाठी खर्च केले.

दोन भाषांमधील पूल

रायपूरला परतल्यावर माधवरावांनी 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद केला. वीस दशके आणि दोनशे समास असलेला हा सतराव्या शतकातील ग्रंथ हिंदीत आणणे सोपे नव्हते. मराठी आणि हिंदी या जवळच्या भाषा आहेत. दोघींची लिपी एक आणि पुष्कळ शब्दही सारखेच. पण हेच साम्य अनुवादकाला फसविते. मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच, तर हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, तर हिंदीत प्रयत्न. शब्द जसाच्या तसा उचलला, तर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून अनुवादकाला शब्दकोशाइतकीच दोन्ही समाजांच्या जगण्याची ओळख असावी लागते. माधवरावांना ती लहानपणापासून होती.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' हा ग्रंथ लिहिला. १९१४ मध्ये ते सुटून आले आणि १९१५ मध्ये मराठी 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. त्याच्या हिंदी अनुवादाचे काम माधवरावांनी केले. ज्या टिळकांच्या विचारांचा प्रसार केला म्हणून माधवराव तुरुंगात गेले आणि माफी मागून बाहेर आल्यामुळे ज्यांच्या अनुयायांत त्यांना मान खाली घालावी लागली, त्याच टिळकांचा सर्वांत मोठा ग्रंथ हिंदीत आणण्याचे काम त्यांच्या हातून झाले. १९०८ मध्ये तुटलेला धागा त्यांनी आपल्या श्रमाने पुन्हा जोडला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतावरील मराठी ग्रंथाचाही त्यांनी 'महाभारत मीमांसा' या नावाने अनुवाद केला. हे ग्रंथ उत्तर भारतात अनेक वर्षे वाचले गेले. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना मूळ लेखकाचे नाव ठाऊक असे, अनुवादकाचे नसे. पूल ओलांडणारा पलीकडच्या काठाकडे पाहत असतो. पूल बांधणाऱ्याची आठवण क्वचितच निघते.

अखेरची वर्षे

लेखनाबरोबरच माधवरावांनी शिक्षणाच्या कामात लक्ष घातले. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. मुलींना शाळेत पाठविण्यास लोक कचरत असत, त्या काळातील हे काम आहे. असहकाराच्या चळवळीच्या दिवसांत रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीतही त्यांनी भाग घेतला. वाचक हवे असतील, तर आधी वाचायला शिकविले पाहिजे, हे त्यांनी 'छत्तीसगढ मित्र'च्या काळातच ओळखले होते.

जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघाले. त्याच्या स्थापनेमागे माधवरावांची प्रेरणा होती. संपादकपद मात्र त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. ते माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीकडे देण्यात आले. चतुर्वेदींनी माधवरावांना गुरुस्थानी मानले. हेच चतुर्वेदी पुढे हिंदीचे थोर कवी म्हणून प्रसिद्धीस आले आणि १९५५ मध्ये हिंदीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. नव्या लेखकाला पुढे करून आपण मागे राहणे, हाही लेखकाच्या जीवनातील एक आनंद आहे आणि तो माधवरावांनी मनापासून घेतला.

१९२४ मध्ये डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना देण्यात आले. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाला हिंदी भाषकांनी दिलेला हा मोठा सन्मान होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोपन्न वर्षांचे होते.

रायपुरात आज त्यांच्या नावाची शाळा आहे. त्यांच्या स्मृतीसाठी १९८४ मध्ये भोपाळ येथे वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले. जुनी वृत्तपत्रे आणि मासिके तेथे जतन करून ठेवली आहेत. ज्याचे स्वतःचे मासिक पैशांअभावी तीन वर्षांत बंद पडले, त्याच्या नावाने देशभरातील जुनी नियतकालिके सांभाळली जात आहेत.

लेखकाचे आजचे जग

माधवरावांच्या काळाशी तुलना केली, तर आजच्या लेखकाचे जग पार बदललेले दिसते. शिशाचे खिळे गेले. लेख भ्रमणध्वनीवर लिहून क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचविता येतो. लहान गावात राहणाऱ्यालाही आता छापखान्याची आणि टपालाची वाट पाहावी लागत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यंत्राच्या साह्याने भाषांतरही होऊ लागले आहे. लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या घराण्यात कधी कोणी लेखणी हाती घेतली नव्हती, अशी माणसेही आज आपले अनुभव लिहीत आहेत.

काही प्रश्न मात्र तसेच राहिले आहेत. केवळ लेखनावर घर चालविणे आजही बहुतेकांना शक्य होत नाही. शिक्षक, कारकून, कामगार, शेतकरी अशी दुसरी कामे करीतच बहुसंख्य लेखक लिहितात, जसे माधवराव पेंड्र्याला शिकवीत असताना मासिकाची तयारी करीत होते. पूर्वी वाचकापर्यंत पोहोचणे कठीण होते. आता असंख्य लेखनाच्या गर्दीत वाचकाचे लक्ष आपल्या शब्दांवर क्षणभर टिकविणे कठीण झाले आहे. आणि जे लिहिले त्याची जबाबदारी घेणे तर सर्वच काळात अवघड असते. साधन जितके सोपे, तितका शब्द जपून वापरावा लागतो.

मग लेखनातील आनंद कोणता? पैसा, मान आणि नाव या गोष्टी माधवरावांच्या वाट्याला थोड्या आल्या. नाव तर त्यांनी अनेकदा आपणहून बाजूला ठेवले. तरीही ते आयुष्यभर लिहीत राहिले. जो विचार आपल्या लोकांपर्यंत पोहोचला नव्हता, तो त्यांच्या भाषेत पोहोचविला, यातच त्यांना समाधान वाटत असले पाहिजे. एकदा हातून सुटलेला शब्द परत घ्यावा लागला, म्हणून त्यांनी लिहिणे थांबविले नाही. पुढील अठरा वर्षे निमूटपणे काम करून त्यांनी आपल्या लेखणीचा मान परत मिळविला. शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि पुन्हा नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला या चरित्रातून धीर मिळण्यासारखा आहे.

शब्दार्थ

उदरनिर्वाह – पोट भरण्याचे साधन
वनाच्छादित – जंगलाने व्यापलेले
जिकिरीचे – त्रासाचे, कटकटीचे
खिळा – छपाईसाठी वापरले जाणारे शिशाचे अक्षर
मुद्रित – छपाईपूर्वी चुका तपासण्यासाठी काढलेली प्रत
निर्भीड – भीड न बाळगणारा, स्पष्ट
परिभाषा – एखाद्या शास्त्रातील ठरावीक अर्थाचे शब्द
राजद्रोह – राज्यसत्तेविरुद्ध केलेला अपराध
मधुकरी – घरोघर मागून आणलेली शिजलेल्या अन्नाची भिक्षा
पारायण – ग्रंथाचे आरंभापासून शेवटपर्यंत नियमाने केलेले वाचन
प्रायश्चित्त – चुकीच्या क्षालनासाठी स्वतःहून स्वीकारलेले कष्ट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक कोठून व केव्हा सुरू झाले?
(आ) माधवरावांनी राजकुमाराला शिकविण्याचे काम का स्वीकारले?
(इ) 'कर्मवीर' साप्ताहिकाचे संपादक कोण होते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'छत्तीसगढ मित्र' बंद पडण्याची कारणे सांगा.
(आ) म्हातारीच्या मागणीतून जमीनदाराला कोणती जाणीव झाली?
(इ) सुटकेनंतर माधवरावांच्या लेखनकार्यात कोणता बदल झाला?

३. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत आढळणारे, पण अर्थ वेगळा असणारे तीन शब्द पाठातून शोधा. अशा आणखी दोन शब्दांची भर तुम्ही घाला.

४. माधवरावांनी माफीनाम्यावर सही केली, तो निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत कारणांसह लिहा.

५. तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी बोलल्या जाणाऱ्या भाषांविषयी दहा ओळी लिहा.